जुन्या एसएमपीएससाठी साडेतीनशेचा बोर्ड : दोन महिने वापरून

लेकीचा कॉलेजातला डेस्कटॉप भंगारात गेला, पण त्यातला ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, मी काढून ठेवला होता. पंखा सुरळीत, व्होल्टेज ठीक. टेबलावर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एकाच डब्यातून मिळत असताना तो टाकवत नाही.

पूर्वी असा एसएमपीएस मी वायरी कापून वापरायचो. हिरवी काळीला जोडली की सुरू. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. पण त्यासाठी डबा उघडून भोकं पाडावी लागायची, आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहू शकतात. घरात लहान मुलं आल्यापासून मी ते बंद केलं. म्हणून या वेळी पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूच्या एका दुकानातून तयार बोर्ड आणला. साडेतीनशे रुपये, कंपनीचं नाव नाही.

मदरबोर्डात जाणारा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डाच्या सॉकेटात खटकन बसतो. एक स्विच, प्रत्येक व्होल्टेजला वेगळा फ्यूज, स्क्रूचे टर्मिनल. एकही वायर कापावी लागत नाही, डबा उघडावा लागत नाही. याच गोष्टीसाठी मी हा बोर्ड घ्या म्हणेन. जुन्या २० पिनांच्या एसएमपीएसवरही लावून पाहिला, चार पिना रिकाम्या राहतात, काम होतं.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी १२ व्होल्ट मध्येच जायला लागले. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिलं तर टर्मिनलच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा. दुकानदार बदलून द्यायला तयार होते, मी घरीच नवीन सोल्डर भरून टाकलं. तुम्ही घेतलात तर स्क्रू आवळायच्या आधी सगळे पाय तपासा.

दुसरी गोष्ट बोर्डाची चूक नाही, पण दुकानात कुणी सांगत नाही. १२ व्होल्टवर दोन अँपियरची एलईडी पट्टी लावली तर मीटरवर ११.२ दिसायला लागलं. जुन्या एसएमपीएसमध्ये पाच आणि बारा व्होल्टचं नियंत्रण बऱ्याचदा एकत्रच असतं. पाचवर लोड नसला की बारा खाली येतात. लाल आणि काळ्यामध्ये १० ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावला, तेव्हा ११.७ झाले. रेझिस्टर अडीच वॅटच खातो, तरी चांगला तापतो, त्यामुळे प्लास्टिकपासून लांब ठेवा.

फ्यूजच्या जागी तार मात्र कधीही घालू नका. माझ्या एसएमपीएसची पिवळी लाइन पंधरा अँपियरच्या वर देते. सर्किटमध्ये चूक झाली तर बारीक वायर क्षणात जळते. करंट हवा तेवढाच ठेवायची सोय यात नाही, व्होल्टेजही कमीजास्त होत नाही. नवीन सर्किट पहिल्यांदा तपासायला मी अजूनही लॅबचा पॉवर सप्लायच वापरतो. कार स्टिरिओ, छोटे पंप, एलईडी, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) यांना मात्र हा बोर्ड रोज लागतो.

काळी वायर आत अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून असे दोन एसएमपीएस एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करायला जाऊ नका. आणि प्लग तीन पिनांचाच, अर्थिंग असलेल्या सॉकेटात लावा.