हार्मोनिक सांगून पट्ट्याचा रोटरी गळ्यात मारला

घरच्या सीएनसी राउटरला, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या मशीनला, रोटरी, म्हणजे जॉब (कोरायचा तुकडा) फिरवणारा चौथा अ‍ॅक्सिस, जोडायचा विचार करत असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ४१ हजार रुपये अडकले आहेत, आणि तोच विक्रेता तेच फोटो लावून अजूनही माल विकतोय.

मला देव्हाऱ्याचे सागवानी खांब कोरायचे होते. खांबावर वेल चढवायची तर जॉब फिरता फिरता कटर चालावा लागतो. फिरवणाऱ्या गिअरमध्ये जरा ढिलाई असली तरी नक्षीच्या कडेला पायऱ्या पडतात, म्हणून मी हार्मोनिक गिअरबॉक्सच शोधत होतो. त्यात पोलादाची पातळ, लवचीक वाटी बाहेरच्या कडक रिंगला आतून दाबून फिरवलेली असते. वाटीला १०० दाते, रिंगला १०२. मोटरचे ५० फेरे होतात तेव्हा चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, एकदा फिरतो. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना बरेच दाते एकदम धरलेले असल्यामुळे बॅकलॅश, म्हणजे ही ढिलाई, जवळजवळ नसतो. किंमत मोजायची ती यासाठीच.

"सर, रोबोटमधून काढलेला ओरिजिनल हार्मोनिक आहे. ५० ला १, झीरो बॅकलॅश," असं विक्रेत्याने फोनवर सांगितलं, मेसेजमध्येही लिहिलं. व्हिडिओत चक हाताने हलवून दाखवला, हलला नाही. मोटरला करंट चालू असेल तर आत काहीही असलं तरी चक हाताने सहज हलत नाही, हे लक्षात ठेवा. एकच पीस उरलाय म्हणून पूर्ण रक्कम आधी घेतली.

आलेला रोटरी पत्र्यात बंद, आणि स्क्रूवर "स्टिकर फाटल्यास वॉरंटी नाही". मॅक-३ या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब घातला: मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, प्रत्येक स्टेपचे १६ भाग (मायक्रोस्टेप), ५० चं गुणोत्तर, म्हणजे एका अंशाला ४४४.४४ स्टेप. मग ए ३६०, म्हणजे रोटरी ३६० अंश फिरव, असा हुकूम दिला. चक एक फेरा मारून थांबायला हवा होता. तो फिरतच राहिला, आठ फेरे पुरे केले आणि वर एक तृतीयांश फेऱ्यावर थांबला. म्हणजे आतलं गुणोत्तर ५० नव्हे, ६ ला १ असणार: ५० ला ६ ने भागा, ८.३३ येतात.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, सेटिंग चुकलंय. पाठोपाठ मेसेज आला: "स्टेप ५३.३३ टाका, बरोबर चालेल." खरंच बरोबर चाललं. पण ५३.३३ हा आकडा ६ ला १ च्या गुणोत्तरातूनच निघतो. आत काय भरलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे रोटरी नेला. त्यांनी मोटर चालू ठेवून चकात सळई धरली, मध्यापासून १०० मिमीवर डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावला आणि सळई दोन्हीकडे हलकी दाबली. काटा ०.३५ मिमी सरकला, म्हणजे ०.२ अंश. मग झाकण उघडलं. आत पट्टा, लहान पुलीला १५ दाते, मोठीला ९०. "अहो, ह्यात हार्मोनिकचं काहीच नाही," एवढंच काका बोलले.

लाकडासाठी पट्ट्याचा रोटरी वाईट नसतो, त्यावर सुंदर कामं होतात. पण असा सेट मला निम्म्याहून कमी किमतीत मिळाला असता. "तुमचं काम चालतंय ना?" असं विक्रेता मला वारंवार विचारत राहिला. काम चालण्याचा प्रश्नच नाही, पैसे हार्मोनिकचे घेतलेत. शेवटी स्टिकर फाटल्याचं कारण सांगून त्याने माल परत घ्यायलाही नकार दिला.

तुम्ही घेणार असाल तर झाकण काढलेला व्हिडिओ मागा. मोटरच्या शाफ्टवर आणि चकवर मार्करने खूण करायला सांगा, आणि चकचा एक फेरा होईपर्यंत मोटरचे फेरे मोजून घ्या. खरा माल असलेल्याला याला पाच मिनिटं लागतात. तो तुम्हाला काय विचारतो तेही बघा. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरचं साधं जीआरबीएल सॉफ्टवेअर तीनच अ‍ॅक्सिस चालवतं. ३०१८ या छोट्या घरगुती मशीनची झेडची, म्हणजे वर-खाली, चाल साधारण ४५ मिमी, आणि १०० मिमीच्या चकचा रोटरी त्याखाली बसणं अवघड. जाणकार माणूस कंट्रोलर आणि झेडची उंची आधी विचारतो. माझ्या विक्रेत्याने काहीच विचारलं नाही, "कुठल्याही मशीनला बसतो" म्हणाला.

बिलावर "हार्मोनिक, ५० ला १" असं लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं "रोटरी सेट" आहे. छंदासाठी घेत असाल तर बिल स्वतःच्या नावावर घ्या. धंद्याच्या नावावर असेल तर खरेदी व्यावसायिक होती, तुम्ही ग्राहकच नाही, असा वाद समोरचा घालू शकतो. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यामुळे आता कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतोय. त्याला जोडायच्या कागदांत सगळ्यात वर ५३.३३ चा तो मेसेज आहे.