अमेरिकेतून पुण्यात परतताना : खर्चाचा तक्ता दाखवून आमचे 38 लाख नेले

आमची फसवणूक एका तक्त्यापासून सुरू झाली. त्यात दोन रकाने होते. डावीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये म्हातारपण काढायचा वर्षाचा खर्च, उजवीकडे पुण्यात परतल्यावरचा. डावीकडची एकेक ओळ आम्ही घरातल्या बिलांशी ताडून पाहिली आणि ती बरोबर निघाली. म्हणूनच उजवीकडच्या ओळींवर विश्वास बसला. परत यायचा विचार करणाऱ्या प्रत्येक मराठी घरासाठी हे तपशीलवार लिहिते आहे, कारण तोच तक्ता अजून फिरतो आहे. परवा तो माझ्या बहिणीच्या ओळखीत टेक्सासमध्ये पोचला. तिथल्या मालमत्ता कराचा आकडा तेवढा बदललेला होता.

डावीकडे काय होतं ते आधी सांगते. न्यू जर्सीचा मालमत्ता कर साऱ्या अमेरिकेत जवळजवळ सर्वांत जड. सरासरी घराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास. कर्ज फिटलं तरी तो सुटत नाही. 2025 साली मेडिकेअरच्या, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पार्ट बीचा (डॉक्टरच्या खर्चाचा भाग) हप्ता माणशी महिन्याला 185 डॉलर होता, म्हणजे नवरा-बायकोचे 370. त्यावर औषधांचा हप्ता वेगळा, पूरक विम्याचा वेगळा. गाडीचा विमा, हिवाळ्यातलं गॅसचं बिल, बर्फ काढणाऱ्याचे पैसे, सगळं त्यात होतं. शेवटची ओळ सगळ्यांत धास्ती घालणारी. मेडिकेअर हॉस्पिटलचं बिल भरतं, पण अंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला कायमचा माणूस लागला तर त्याचे पैसे देत नाही. हे खरंच आहे. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याची आयुष्यभराची शिल्लक याच एका कारणानं संपत आलेली आम्ही पाहत होतो. तक्ता देणाऱ्या माणसाला आमची ही भीती नेमकी ठाऊक होती.

तो चाळिशीच्या आतला, पुण्याचाच. एका मित्राच्या घरी निवृत्तीला आलेली बरीच मंडळी जमली होती, तिथे तो आला. पहिल्या वाक्यापासून आम्ही 'काका-काकू'. पुण्यात कुठे राहायचात, हनुमान टेकडीवर जायचात की वेताळ टेकडीवर, आईवडील आहेत का, असं सगळं विचारलं. पैशाचा विषय त्यानं काढला नाही. तक्ता ईमेलनं पाठवला आणि म्हणाला, "काकू, घाई नका करू. तुमच्या सीएला दाखवा." आमच्या तिथल्या अकाउंटंटनं पाहिला आणि आकडे बरोबर आहेत म्हणाला. त्याला तपासता येण्याजोगा रकाना एकच होता, डावीकडचा.

उजवीकडे पिरंगुटच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यावरची ज्येष्ठांसाठीची वसाहत. एकदाच 55 लाखांची परत मिळणारी ठेव, त्याबदल्यात दोघांना 'आजीवन निवासाचा हक्क', दोघांच्या पश्चात दहा टक्के कापून ठेव मुलांना परत. महिन्याला 45 हजारांत राहणं, जेवण, नर्स, डॉक्टरची फेरी, शहरात जायला गाडी. मेडिक्लेम वर्षाला 40 हजार. आयकर शून्य. पार्ट बीचा हप्ता बंद केल्याची 'बचत' वेगळी दाखवलेली.

या रकान्यात काय लिहिलं नव्हतं ते नीट वाचा, कारण ठेव बुडाली नसती तरी हा हिशेब आम्हाला गोत्यात आणणारा होता. मेडिकेअर भारतात पैसे देत नाही, म्हणून हप्ता बंद करा, असा त्याचा सल्ला. पण काही वर्षांनी मुलांजवळ परत जावं लागलं आणि पार्ट बी पुन्हा घ्यायचा म्हटला, तर बंद ठेवलेल्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ सहसा कायमची असते. पाच वर्षांनी परतलात तर दीडपट हप्ता, जन्मभर. इकडच्या मेडिक्लेमचं म्हणाल तर 65 वर्षांपर्यंतची वयाची अट 2024 साली निघाली हे खरं, पण मधुमेह आणि बायपास असलेल्या सत्तरीच्या माणसाला विमा द्यायचा की नाही हे अजूनही कंपनी ठरवते. दिला तरी आधीपासूनच्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे ज्या आजारांसाठी विमा हवा त्यांचाच खर्च पहिली तीन वर्षं खिशातून.

'आयकर शून्य' हे तर सरळ खोटं. परदेशातून परतलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआर (निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही) या दर्जाची सवलत मिळू शकते, तेवढ्या काळात बाहेरच्या उत्पन्नावर इथे कर नसतो. पुढे 401(के) या तिकडच्या निवृत्ती बचत खात्यामधून काढलेले पैसे इथे दाखवावे लागतात. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनवर, मात्र दोन देशांमधल्या करारानुसार कर फक्त अमेरिका घेते. अमेरिकेचं नागरिकत्व असेल तर पुण्यात बसूनही दरवर्षी तिकडचं विवरणपत्र भरावं लागतं आणि इथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर एफबारही, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा अर्ज. दोन्हीकडच्या सीएंची फी कुठल्याच रकान्यात नव्हती. नर्स 'समाविष्ट' होती ती अख्ख्या मजल्याला मिळून एक. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ चोवीस तास कुणी हवं असेल तर ब्युरोमधून मावशी आणायची आणि तिचे पैसे वेगळे द्यायचे.

आता पैसे कसे गेले ते. ठेव टप्प्याटप्प्यानं भरायची होती. आम्ही एनआरई खात्यातून (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांचं खातं) 38 लाख भरले, सगळे बँकेमार्फत. पण ज्या कंपनीच्या खात्यात ते गेले ती बांधकाम करणारी नव्हती, 'सेवा पुरवणारी' होती. नावं जवळजवळ सारखी, शेवटचा एक शब्द वेगळा. कागद झाला तो 500 रुपयांच्या स्टँप पेपरवर, नोटरी केलेला सामंजस्य करार. नोंदणीचं विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं, "काकू, नोंदणी विक्रीला लागते. आपण घर विकतच नाही, आपण सेवा देतो. उगाच सात टक्के स्टँप ड्युटी कशाला भरायची?" त्या क्षणी हे आपल्याच फायद्याचं वाटतं.

कायदा काय म्हणतो ते वकिलांकडून कळलं. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. 1908 च्या नोंदणी कायद्यातच ते आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम 13 नुसार नोंदणीकृत विक्री कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा दाखवून रेरा चुकवण्याचा प्रयत्न याआधी झालेला आहे आणि मुळशी तालुक्यातल्याच एका मोठ्या प्रकल्पाच्या खटल्यात 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याला रेरा लागू केला. त्यानंतर काही हुशार लोकांनी भाडेपट्टा हा शब्दच काढून टाकला आणि 'सेवा ठेव' आणली. आमच्या करारात 'भाडेपट्टा', 'विक्री', 'सदनिका' यांपैकी एकही शब्द नाही.

आमची इमारत दुसऱ्या टप्प्यातली, ती बांधायची होती. तोवर पहिल्या टप्प्यातल्या तयार फ्लॅटमध्ये राहायची सोय केली. एडिसनचं घर विकून आम्ही तिथे आलो. जागा छान होती, समोर डोंगर, सकाळी मोर ओरडायचे. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नवऱ्याचा वॉकर बाथरूमच्या दारातून आत जाईना. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेरानं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, 2024 साली नियम घातले आहेत, त्यात दारं किमान 900 मिलिमीटर रुंद हवीत, व्हीलचेअर जाईल अशी. ही इमारत ज्येष्ठांसाठी बांधलेलीच नव्हती.

ते उघड झालं एका रविवारी. दारावर एक गृहस्थ उभे, बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "हा फ्लॅट माझा आहे. कंपनीनं भाड्यानं घेतला होता, चार महिन्यांचं भाडं थकलंय. तुम्ही कोण?" आमचा करार वाचून ते बिचारे खुर्चीत बसलेच. पुढचे कित्येक दिवस त्यांनीच आम्हाला कागद शोधायला मदत केली.

जे सापडलं ते सगळं घरबसल्या पाहता येण्यासारखं होतं. माहितीपत्रकावर क्यूआर कोड होता. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत तो बंधनकारक आहे. पण कोड उघडल्यावर महारेराच्या साइटवर यायचा पहिला टप्पा, ज्याचा बिल्डर तिसराच आणि ज्याचा या कंपनीशी काडीचा संबंध नाही. दुसऱ्या टप्प्याची नोंद कुठेच नव्हती. महाभूलेख या सरकारी जमीन नोंदींच्या साइटवर गट नंबर टाकला तर सातबाऱ्यावर एका कुटुंबातल्या वारसांची नावं, जमीन शेतीची. पैसे घेणाऱ्या कंपनीच्या नावावर तिथे गुंठाभर जागा नव्हती.

पैसे परत मागितल्यावर त्याचा सूर बदलला नाही, हे मला सगळ्यांत भयंकर वाटतं. तितकंच गोड बोलून त्यानं चार लाख दिले आणि उरलेल्यासाठी पुढच्या तारखांचे चेक. त्याच सुमारास दुसरा प्रस्ताव आला, ठेवीच्या बदल्यात पौडच्या पुढे अकरा गुंठे 'फार्महाउस प्लॉट', भाव दुप्पट होणार. आमच्यासारख्या फसलेल्या एका जोडप्यानं तो घेतला. ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला, भारतात शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, फेमा या परकीय चलन कायद्याची तशी मनाई आहे. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्या जोडप्याची ठेव गेली, आणि वर एका बेकायदा व्यवहारावर त्यांच्या सह्या आहेत. त्यांची काळजी मला आमच्यापेक्षा जास्त वाटते.

चेक परत आले. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. 'पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा काकू' असं म्हणत तो हे 30 दिवस संपवू पाहत होता. आमच्या वकीलबाईंनी ते होऊ दिलं नाही, त्यामुळे चेक न वटल्याबद्दलचा, कलम 138 चा खटला उभा आहे. भारतीय न्याय संहितेच्या 318 (फसवणूक) आणि 316 (विश्वासघात) या कलमांखाली पोलीस तक्रार झाली आहे, आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा राज्याचा एमपीआयडी कायदा लावून त्यांची मालमत्ता जप्त करावी अशी मागणी आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं.

आम्ही सध्या कोथरूडला भाड्यानं राहतो. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, औषधाचं दुकान खाली, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. भाडं, स्वयंपाकाच्या ताई, दुपारपर्यंत येणाऱ्या मावशी, औषधं, फिजिओथेरपी, सोसायटीचं शुल्क, दोन्ही सीए आणि हॉस्पिटलसाठी बाजूला टाकलेली रक्कम धरून महिन्याचा खर्च त्या 45 हजारांच्या अडीचपट होतो. तरी तो एडिसनपेक्षा कमीच आहे, आणि नवऱ्याजवळ बसायला त्याचे शाळासोबती येतात. परत येणं चूक आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पण तिकडचं घर विकायच्या आधी इथे वर्षभर भाड्यानं राहा, एक पावसाळा आणि शक्यतो एक आजारपण इथे काढा, मग रकाने मांडा. आणि विकताना लाखांत पैसे इकडे वळवायचे असतील तर आधी सातबारा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) आणि महारेराची नोंद या तिन्हींवर पैसे घेणाऱ्याचंच नाव आहे का ते आपल्या वकिलाकडून पाहून घ्या, त्यांनी सुचवलेल्या वकिलाकडून नको.

ज्यांनी 'आजीवन हक्क' किंवा 'सेवा ठेव' या नावानं आधीच पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी एक तातडीची गोष्ट. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. तोंडी आश्वासनांवर ती मुदत थांबत नाही. बँकेच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण, तो तक्ता आणि चेकचे परत आलेले मेमो आजच एकत्र करा. अमेरिकेत असलात तरी अर्ज ऑनलाइन भरता येतो.