लॅश एक्स्टेन्शनचं 'सहा महिन्यांचं' पॅकेज घेण्याआधी हे वाचा

पापण्यांना लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे कृत्रिम केस, लावून घ्यायचं मनात असेल आणि पार्लरवाली म्हणत असेल, "मॅडम, सहा महिने बघायला नको," तर आगाऊ एक रुपयाही देऊ नका. पुण्यातल्या एका पार्लरने हेच सांगून माझ्याकडून पॅकेजचे सगळे पैसे घेतले आणि अजून परत केलेले नाहीत.

सहा महिने टिकणं मुळात शक्यच नसतं. एक्स्टेन्शन कातडीला नाही, आपल्या पापणीच्या केसाला चिकटवतात. तो केस वाढतो, थांबतो आणि गळून पडतो. असे रोज दोन-चार केस गळतातच, आणि गळणारा केस त्यावरचं एक्स्टेन्शन घेऊनच जातो. गोंद कितीही भारी असो, त्याला काही करता येत नाही. शिवाय केस मुळाकडून वाढतो, म्हणून चिकटवलेलं टोक पुढे सरकतं आणि वाकडं फिरतं. त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नवीन लावणं, लागतंच. हे काम करणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत असतं. पैसे घेताना तिलाही माहीत होतं.

डाव्या डोळ्यावर मध्येच फट दिसायला लागली तेव्हा मी गेले. उत्तर आलं, "रिफिलचे वेगळे." पॅकेजचं काय, विचारलं तर, "तुम्ही तेल लावलं असेल, डोळे चोळले असतील." मी दोन्ही केलं नव्हतं. पुढे तर म्हणाली, अर्ध्याहून कमी उरलेत, आता नवा सेट धरावा लागेल. पावतीवर नुसतं 'ब्यूटी पॅकेज' लिहिलेलं, महिन्यांचा उल्लेख कुठेच नाही.

पैशांपेक्षा जास्त चीड आली, ती एक्स्टेन्शन काढून घ्यायला दुसरीकडे गेले तेव्हा. तिथल्या मुलीने माझ्या पापणीचा जवळून फोटो काढून दाखवला. माझे चार-पाच केस गोंदाच्या एकाच पांढुरक्या गुठळीत अडकले होते आणि त्यावर बाजारात मिळणारा तयार गुच्छ, म्हणजे क्लस्टर, बसवलेला होता. पैसे घेतले होते एकेका केसावर एकेक लॅश लावण्याचे! शेजारशेजारच्या केसांची वाढ एकाच वेळी होत नाही. एक जोमाने वाढत असतो, दुसरा गळायला आलेला असतो. दोघांना एकत्र जखडलं की वाढणारा ओढला जातो आणि वेळेआधीच उपटला जातो. डोळा मिटताना बाहेरच्या कोपऱ्यात टोचायचं ते यामुळेच. तिथे अजून विरळ आहे. मुळं शाबूत असल्याने केस परत येतील, पण काही महिने लागतील, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

लावून झाल्यावर खुर्चीतून उठण्याआधी बारीक ब्रश फिरवून दाखवायला सांगा. प्रत्येक केस सुटा हलला पाहिजे. दोन-तीन मिळून हलत असतील तर तिथल्या तिथे काढायला लावा. गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचा असतो, काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते, म्हणून आदल्या दिवशी पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा गोंद लावून त्रास होतो का ते बघणं, मागा. माझी कुणी केली नव्हती. स्वतः ओढून काढू नका, रिमूव्हरनेच काढून घ्या. आणि किती दिवसांनी रिफिल, त्याचे किती पैसे, हे पावतीवर लिहून घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. मी तो फोटो, पावती आणि पैसे भरल्याचा मेसेज जपून ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. कुठल्याही पार्लरकडून तुमचीही अशीच फसवणूक झाली असेल, तर तुम्हीही नोंदवा.