एमएमए लढतींचे अंदाज स्प्रेडशीटवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढती. कोण जिंकेल याचा अंदाज बांधायची पद्धत साधी आहे. प्रत्येक लढतीला स्प्रेडशीटमध्ये एक ओळ. आकडे यूएफसी (एमएमए लढती भरवणारी कंपनी) च्या यूएफसी स्टॅट्स या संकेतस्थळावरून घ्यायचे, आधीचे प्रतिस्पर्धी कोण होते ते टॅपॉलॉजी या संकेतस्थळावरून, आणि भाव (पैज घेणाऱ्याने लावलेला दर) बघायच्या आधी स्वतःची टक्केवारी, म्हणजे कोण जिंकण्याची किती शक्यता वाटते ती, तारीख-वेळेसकट लिहून टाकायची. आठ महिने सलग वापरल्यावर ठाम मत झालं आहे की खरी किंमत या शेवटच्या अटीला आहे. भाव आधी दिसला की आपला आकडा नकळत त्याच्याकडे सरकतो. एखाद्याला १.४० चा भाव आहे, म्हणजे तोच जिंकेल असं बाजाराला वाटतंय हे कळलं, की त्याच्या जुन्या लढतींत त्याचे गुणच दिसायला लागतात आणि तिसऱ्या राउंडला दमून उघडं पडलेलं तोंड दिसत नाही. म्हणून भावाचा रकाना शेवटी ठेवा आणि टक्केवारी भरेपर्यंत लपवून ठेवा.

आता आकड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. मिनिटाला किती महत्त्वाचे फटके, हा सगळ्यांचा आवडता आकडा. पण दोन लढती झटपट संपवून एकूण ६ मिनिटं पिंजऱ्यात घालवणाऱ्याने ४२ फटके मारले असतील, तर त्याची सरासरी ७ येते आणि तिला काडीचाही अर्थ नसतो. एकूण वेळ ३० मिनिटांच्या खाली असेल तर आम्ही तो रकाना राखाडी करतो आणि हिशेबात धरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकूण सरासरीऐवजी पहिल्या आणि तिसऱ्या राउंडचे आकडे वेगवेगळे लिहा. प्रत्येक लढतीच्या पानावर राउंडवार तक्ता असतो. पहिल्या राउंडला ३० आणि तिसऱ्याला ११ फटके असा उतार दोन-तीन लढतींत सारखा दिसला, तर तो दमसासाचा प्रश्न आहे. एकदाच दिसला तर समोरच्याने धरून ठेवलं होतं का, हे व्हिडिओत बघायचं.

टेकडाउन म्हणजे पट काढून खाली पाडणं. त्यापासूनच्या बचावाची टक्केवारीही तशीच. ४ पैकी ३ वेळा पट सोडवला तरी ७५ टक्के आणि ४० पैकी ३० वेळा सोडवला तरी ७५ टक्केच. टक्के लिहूच नका, प्रयत्नांची संख्या आणि पट काढणारा कोण होता ते लिहा. कमारू उस्मानला यूएफसीत कुणीही खाली घेतलेलं नव्हतं, बचाव १०० टक्के. २० ऑगस्ट २०२२ ला लिऑन एडवर्ड्सने पहिल्याच राउंडला त्याला खाली घेतलं. शंभर टक्के म्हणजे ‘आजवर जमलं नाही’ एवढंच.

याच लढतीतून ‘निकाल’ आणि ‘अंदाज’ हे रकाने वेगळे का हवेत तेही दिसतं. त्यानंतरचे तीन राउंड उस्मानने घेतले, पाचव्यालाही तो तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर पुढे होता, आणि ५६ सेकंद उरले असताना डाव्या पायाची लाथ डोक्यावर बसली. उस्मानला ७० टक्के देणारा चुकला नव्हता. १० पैकी ३ वेळा असं होणारच, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. मात्र ९५ टक्के लिहिणाऱ्याने आपली पद्धत तपासायला हवी.

हाताचा पल्ला हा रकाना आम्ही काढून टाकला. तो एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात, त्यात खांद्यांची रुंदी येते, आणि लांब हात वापरता येत नसेल तर त्याचा उपयोग शून्य. त्याजागी पवित्रा लिहा. उजवा विरुद्ध डावखुरा असेल तर पुढचा पाय कुणाचा बाहेर राहतो, मागच्या हाताचा सरळ ठोसा आणि यकृतावरची लाथ कुणाला मोकळी मिळते, हे पाच मिनिटांत कळतं.

पिंजऱ्याचा आकार मात्र ठेवा. ३० फुटी आणि २५ फुटी पिंजऱ्यांत जागेचा फरक जवळजवळ ३० टक्के पडतो. लहान पिंजऱ्यात मागे सरकत खेळणारा लवकर जाळीला लागतो आणि पट काढणाऱ्याचं काम हलकं होतं. लढतीच्या ठिकाणाच्या उंचीसाठीही एक रकाना हवा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे. १३ जून २०१५ ला तिथे केन वेलास्केझ, ज्याचा दम हीच त्याची ख्याती, धापा टाकायला लागला आणि फॅब्रिसियो वेरदुमने तिसऱ्या राउंडला गिलोटिनमध्ये, म्हणजे काखेत गळा आवळणाऱ्या पकडीत, त्याची मान पकडली. वेरदुम कितीतरी आधीपासून उंचावर सराव करत होता. त्यामुळे नुसती उंची न लिहिता कोण किती दिवस आधी पोहोचला तेही लिहायचं.

वजनाच्या दिवशी टक्केवारी एकदाच बदलायची मुभा ठेवा, आणि तीही कारण लिहून. काट्यावर चढताना आधार लागतोय का, ओठ सुकलेत का, डोळे खोल गेलेत का, हे बघा. वजन चुकलं म्हणजे तो कमजोर, हे गणित सरसकट लागू होत नाही. शरीराने साथ सोडल्यामुळे चुकलं असेल तर धोका. पण घाम गाळणं आधीच थांबवून तीन पौंड जास्त घेऊन आला असेल, तर तो समोरच्यापेक्षा ताजा असू शकतो.

पंच काय बघतात हे नीट माहीत नसेल, तर निर्णयापर्यंत जाणाऱ्या लढतींत हमखास चूक होते. आधी परिणामकारक फटके आणि ग्रॅपलिंग (पकडी, कुस्ती). त्यात बरोबरी असेल तरच आक्रमकता, आणि त्यातही बरोबरी असेल तर पिंजऱ्यावरचा ताबा. चार मिनिटं जाळीला दाबून धरलं पण इजा काहीच नाही, तर तो राउंड गेलेला असू शकतो. कंट्रोल टाइमच्या (समोरच्याला किती वेळ दाबून धरलं त्या) आकड्यावर भाळू नका.

आता भाव. समजा दोघांचे भाव १.५० आणि २.७० आहेत, म्हणजे १ रुपया लावून जिंकलात तर एवढे परत. १ ला त्यांनी भागा: ६६.७ आणि ३७.० टक्के. बेरीज १०३.७, म्हणजे वरचे ३.७ हा भाव देणाऱ्याचा हिस्सा. तो काढला की ६४.३ आणि ३५.७ उरतात. आपली टक्केवारी या आकड्यांशी ताडायची, पण पैसे लावायचे का हे ठरवताना हिस्सा धरूनच, म्हणजे ३७ च्या वर किती, हे बघायचं. अंडरडॉगला (ज्याची शक्यता कमी मानली जाते त्याला, इथे २.७० वाल्याला) आपण ४२ दिले असतील तर केली सूत्राने, म्हणजे हाताशी असलेल्या पैशातले किती लावायचे हे सांगणाऱ्या सूत्राने, ७.९ टक्के रक्कम येते. ती कधीच पूर्ण लावू नये. सूत्र आपला ४२ अचूक धरून चालतं, आणि तो कधीच तेवढा अचूक नसतो. चौथा भाग, म्हणजे २ टक्के, ही आमची कमाल मर्यादा. कायद्याने मनाई असेल तिथे हा रकाना रिकामा ठेवा, बाकी वही पैशाविना तेवढीच उपयोगी आहे.

चार लढतींची साखळी, म्हणजे चारही बरोबर आल्या तरच जिंकणारी एकच पैज, लावणं बंद करा. प्रत्येकी ७० टक्के धरले तरी चारही बरोबर येण्याची शक्यता २४ टक्के, आणि ३.७ चा हिस्सा चारदा गुणला जाऊन सुमारे १५.६ होतो. आणि कसलीही जाहीर बातमी नसताना शेवटच्या काही तासांत भाव जोरात हलला, तर ती लढत सोडून द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये असाच भाव हलल्यावर एका लढतीची चौकशी लागली होती. त्या लाटेमागे धावणाऱ्याला नक्की काय चाललंय ते कळत नसतं.

उणिवा आहेत. एका लढतीला पाऊण तास जातो, त्यामुळे पूर्ण कार्ड (एका कार्यक्रमातल्या सगळ्या लढती) करणं शक्य नाही. पाच लढती पुष्कळ झाल्या. नवोदितांसाठी ही पद्धत जवळपास निरुपयोगी आहे. १२-० असा विक्रम घेऊन आलेल्याने बारापैकी नऊ वेळा पराभवच जास्त असलेले गडी हरवलेले असू शकतात. अशा ओळीत आम्ही ‘माहिती अपुरी’ लिहून पुढे जातो. आणि आठ महिन्यांचे निकाल कमी पडतात. नफा-तोट्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी मोजा. एक, टक्केवारी आणि निकाल यांच्या फरकाचा वर्ग (टक्केवारी ०.७० अशी लिहायची; जिंकला तर निकाल १, हरला तर ०) आणि त्याची सरासरी. सगळीकडे ५० लिहिलं तरी ०.२५ येते, तेव्हा आपली त्याच्या वर असेल तर आपल्यापेक्षा नाणं बरं. दोन, बंद होतानाचा, म्हणजे लढत सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा भाव. २.७० ला निवडलेला गडी २.४० वर बंद झाला, तर बाजार आपल्या बाजूला सरकला, म्हणून तो हरला तरी ती ओळ हिरवी (चांगली निवड) करा. भाव सारखे उलट दिशेने हलत असतील, तर निकाल कितीही गोड आले तरी रक्कम निम्मी करा आणि राउंडवार तक्ते पुन्हा उघडा.