३०६०, ४०६०, ५०६० की आर्क बी५८०? बेळगाव-निपाणीकडच्या कामांसाठी ग्राफिक्स कार्डांची तुलना

दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" तिथवर जायच्या आधी तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या: मदरबोर्डचं मॉडेल, पॉवर सप्लायवरचे वॅट आणि रोज कुठल्या फायली उघडाव्या लागतात ते. या तीन उत्तरांवरच निम्मी निवड होऊन जाते. खालच्या तक्त्यातली आरटीएक्स कार्डं एनव्हिडियाची, आर्क इंटेलचं. मेमरी बस म्हणजे कार्डाच्या मेमरीकडे जाणारी वाट, बँडविड्थ म्हणजे तिच्यावरून सेकंदाला जाणारा डेटा, आणि पीसीआयई म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणारी वाट; लेन या तिच्या मार्गिका.

| | आरटीएक्स ३०६० | आरटीएक्स ४०६० | आरटीएक्स ५०६० | आर्क बी५८० |
|---|---|---|---|---|
| बाजारात आलं | २०२१ | २०२३ | २०२५ | २०२४ |
| मेमरी | १२ जीबी | ८ जीबी | ८ जीबी | १२ जीबी |
| मेमरी बस | १९२ बिट | १२८ बिट | १२८ बिट | १९२ बिट |
| बँडविड्थ (सेकंदाला) | ३६० जीबी | २७२ जीबी | ४४८ जीबी | ४५६ जीबी |
| पीसीआयई | ४.०, १६ लेन | ४.०, ८ लेन | ५.०, ८ लेन | ४.०, ८ लेन |
| वीज | १७० वॅट | ११५ वॅट | १४५ वॅट | १९० वॅट |

कोरची (आकडेमोड करणाऱ्या छोट्या एककांची) संख्या तक्त्यात मुद्दाम घातलेली नाही. ३०६० मध्ये ३५८४ कोर आहेत आणि ४०६० मध्ये ३०७२, तरी फुल एचडी गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे असतं, कारण त्याचा क्लॉक (चालण्याचा वेग) बराच जास्त आहे आणि चिपवरचा कॅश (हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी झाला आहे. इंटेलचे कोर तर वेगळ्याच घडणीचे, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तिथे काहीच कळत नाही.

४०६० ची कमी बँडविड्थ हा कॅश झाकून नेतो, पण ८ जीबी भरेपर्यंतच. मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीआयईवरून रॅममध्ये ये-जा करू लागतो, आणि इथे जुना बोर्ड आडवा येतो. एच३१० किंवा बी४५० बोर्डवर पीसीआयई ३.० आहे. ४०६० आणि ५०६० ला मुळात आठच लेन, त्याही तिथे ४०६० च्या निम्म्या आणि ५०६० च्या पाव वेगाने चालतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगला दिसतो आणि मध्येच चित्र अडखळतं, ते यामुळे. अशा बोर्डावर १६ लेनचं, १२ जीबीचं ३०६० जास्त सुखाने चालतं. मात्र ३०६० मध्ये एक फसगत आहे: याच नावाचं ८ जीबीचं कार्डही निघालं होतं. त्याची बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४० जीबी, म्हणजे ते सरळसरळ खालच्या पायरीचं. खोक्यावर '१२ जीबी' वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्यांनी गेमचे आकडे बाजूला ठेवून कॅमेऱ्याची सेटिंग बघावी. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा) हा पर्याय असतो आणि रंग चांगले मिळतात म्हणून बरेच जण त्यावरच शूट करतात. ही फाइल ३०६० आणि ४०६० चं हार्डवेअर डीकोड करू (उलगडू) शकत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, टाइमलाइन अडकते आणि दोष कार्डाला जातो. ५०६० मध्ये एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या दोन्ही पद्धतींचं ४:२:२ डीकोडिंग आहे. बी५८० एच.२६५ चं करतं. नवीन कार्ड घ्यायचं नसेल, तर ११व्या पिढीपासूनच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्सही एच.२६५ चं ४:२:२ उघडतं. पण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर ते ग्राफिक्स बंद असतं. म्हणून एडिटिंगचा पीसी जुळवताना 'एफ' वर वाचवलेले हजार-दोन हजार हमखास नडतात. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र अद्ययावत ठेवा. जुन्या आवृत्तीला ५०६० ची ही सोय ओळखता येत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपसाठी हिशेब आणखी वेगळा. ऑटोकॅडचं टूडी ड्रॉइंग आणि सीएनसीच्या टूलपाथची आकडेमोड मुख्यतः प्रोसेसर करतो, त्यासाठी महागडं कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मोठ्या असेंब्ली सॉलिडवर्क्समध्ये फिरवायच्या असतील, तर या चारही कार्डांऐवजी आरटीएक्स ए१००० बघा: ८ जीबी, ५० वॅट, वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि अशा कामासाठी प्रमाणित ड्रायव्हर मिळतो. गेममध्ये ते मागे पडेल, त्याचं इथे दुःख नाही. फ्लेक्स डिझाइनवाल्यांनी तर आधी रॅम ३२ जीबी करावी आणि एसएसडी टाकावी. कोरल ड्रॉला कार्डाने फारसा फरक पडत नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांचा प्रोजेक्ट मशीन लर्निंगचा असेल, तर १२ जीबीचं ३०६० अजूनही समजूतदार निवड आहे. बहुतेक कोड कुडा (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारी प्रोग्रामिंगची सोय) धरूनच लिहिलेला असतो, आणि ८ जीबीत न मावणारं मॉडेल कार्ड कितीही वेगवान असलं तरी मावत नाही. बी५८० ला १२ जीबी आहेत, पण कुडा नाही.

बी५८० बद्दल थोडं सविस्तर, कारण कागदावर ते सगळ्यांत आकर्षक दिसतं. १४४०पी (फुल एचडीच्या वरच्या रिझोल्यूशनच्या) गेममध्ये ते ४०६० च्या साधारण दहा टक्के पुढे आहे. पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ते गळून पडतं, आणि रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये ही आघाडी हातची जाते. इंटेलचा १०व्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर हे कार्ड विसरा. बोर्ड चालण्यासारखा असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, 'अबव्ह ४जी डीकोडिंग' चालू, मग 'रिसाइझ बार' चालू, असा क्रम. त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी (विभागणीच्या नव्या पद्धतीची) आहे का ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा. जुन्या पद्धतीची, म्हणजे एमबीआर असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही. डेटाचा बॅकअप घेऊन आधी तीच डिस्क जीपीटीत बदलून घ्यावी लागते.

आता विजेचं. ३०६० आणि ४०६० यांत ५५ वॅटचा फरक आहे. रोज आठ तास पूर्ण भार आणि महिन्याला २५ दिवस धरले तर ११ युनिट होतात. हेस्कॉमच्या बिलात ते फार जाणवणार नाहीत. जाणवतो तो यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आय५ आणि ४०६० त्यावर तग धरतात. बी५८० जोडून रेंडर लावला, शिवाय मॉनिटरही त्यावरच असला, तर लाइट गेल्याक्षणी पीसी बंद पडू शकतो. खानापूर भागात पावसाळ्यात लाइट ये-जा करत असेल, तर कार्डाबरोबर १००० व्हीएच्या यूपीएसचाही खर्च धरा. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा हवा (बी५८० साठी ६०० वॅटचा), आणि ८ पिनची केबल त्याचीच हवी. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या जोडावरून) ८ पिन करणारा स्वस्त अडॅप्टर तापून वितळू शकतो.

जुनं कार्ड घेत असाल तर दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी, बस आणि बँडविड्थ वरच्या तक्त्याशी ताडून बघा, मग पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) चालवा. पंख्याचा आवाज, तापमान, पडद्यावर ठिपके येतात का, हे सगळं तेवढ्यात कळतं. ब्रॅकेटवर गंज किंवा हीटसिंकच्या पात्यांत लाल मातीचा थर असेल तर किंमत पाडून मागा, किंवा सोडून द्या.

निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं आणि तिथे निवडही जास्त असते. पण व्यवसायासाठी घेत असाल तर बिलावर आपला कर्नाटकाचा जीएसटी नंबर घालून आयजीएसटी लावायला सांगा. महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला तर १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. कार्डावरचा सीरियल नंबरही बिलावर लिहून घ्या, आणि वॉरंटीत कार्ड दुकानदार पाठवणार की सर्व्हिस सेंटरला आपल्यालाच न्यावं लागणार, हे पैसे देण्याआधी विचारा.