डर्बीशायरचे नकाशे आणि गाइडबुकं: भिंत दिसते, फट दिसत नाही

इंग्लंडच्या डर्बीशायर काउंटीत चालायला ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेची ओएल १ (डार्क पीक, उत्तरेची उघडी पठारं) आणि ओएल २४ (व्हाइट पीक) ही दोन १:२५,००० ची एक्सप्लोरर शीट्स, हार्वी या नकाशा कंपनीचा १:४०,००० चा डार्क पीक आणि काही नवी, काही जुन्या पुस्तकांच्या दुकानातली गाइडबुकं. एवढा संच हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही वापरून झाल्यावर हे लिहितोय. स्केल, ग्रिड, रंगांचे अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो.

आधी किरकिर. ओएल २४ वर, म्हणजे व्हाइट पीकच्या चुनखडीच्या पठारावर, शेतांच्या दगडी भिंती बारीक काळ्या रेषेने दाखवलेल्या आहेत. पण भिंत ओलांडायची कुठून, ते नकाशा सांगत नाही. भिंतीवरून जायच्या दगडी पायऱ्या (स्टाइल) नाहीत, फाटक नाही, भिंतीतली फट नाही. पायवाटेची हिरवी तुटक रेषा भिंतीला जिथे छेदते तिथे काहीतरी असणार, असं आपण समजून घ्यायचं. १ मिमी म्हणजे २५ मीटर, त्यात हिरव्या रेषेच्या जाडीतच दहा-पंधरा मीटर जातात. आणि शोधायची ती फट असते वीत-दीड वीत रुंद, खाली निमुळती, म्हणजे माणूस जातो पण मेंढी जात नाही. तिरकं पाहिलं तर दोन्ही बाजूंचे उभे दगड एकमेकांआड जातात आणि भिंत सलग दिसते. वीस पावलांवर उभे असूनही फट सापडत नाही.

चेल्मॉर्टनच्या आसपास याचा कळस आहे. मध्ययुगीन पट्ट्यापट्ट्यांची शेतं तशीच भिंतींनी बंदिस्त झालेली, त्यामुळे थोड्या अंतरात भिंतीमागून भिंत. तिथे नेहमी घडणारी चूक म्हणजे गुरांच्या तुडवलेल्या वाटेने जाणं. ती वाट शेतकऱ्याच्या फाटकाकडे नेते, फट असते त्याच भिंतीत ऐंशी-शंभर मीटर पलीकडे. फाटकातून गेलात की पुढच्या शेतात रेषेवरून घसरलात, आणि तिसऱ्या भिंतीपाशी पोचेपर्यंत आपण कुठल्या शेतात आहोत हेच कळेनासं होतं. मग लोक भिंतीवर चढतात. चुन्याशिवाय रचलेली भिंत आहे ती. वरचा एक दगड निसटला की खालचे चार सैल होतात.

उपाय आहे, पण तो नकाशाच्या घडीवर छापलेला नाही. प्रत्येक फटीत उभं राहून हिरव्या रेषेच्या पुढच्या तुकड्याचं बेअरिंग, म्हणजे होकायंत्राने दिशा, घ्यायचं आणि त्या दिशेला समोरच्या भिंतीवरची एखादी खूण धरून सरळ चालायचं. मिलिमीटर मोजून अंतर काढायचं: ८ मिमी म्हणजे २०० मीटर, म्हणजे साधारण १३० दुहेरी पावलं (डावा-उजवा मिळून एक). आणि ओलांडलेल्या भिंती मोजत राहायचं. लँडरेंजरवर, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेच्याच १:५०,००० च्या नकाशावर, हे करताच येत नाही, कारण त्यात शेतांच्या हद्दीच नाहीत. आपल्याकडच्या टोपोशीटवर नजर बसलेल्यांना तो स्केल ओळखीचा वाटतो, पण सह्याद्रीत वाट विचारायला माणूस भेटतो आणि शेत तुडवलं म्हणून कायदा आडवा येत नाही. इथे पायवाटेचा हक्क त्या रेषेपुरताच आहे. लँडरेंजर स्वस्तात मिळाला तरी व्हाइट पीकसाठी घेऊ नका.

आता मत बदललं ते गाइडबुकांबद्दल. सुरुवातीला वाटायचं, जीपीएक्स (जीपीएसने नोंदवलेल्या वाटेची फाइल) फुकट मिळत असताना छापील पुस्तकाला पैसे कोण घालणार? जीपीएक्स कोणाच्या तरी फोनवरून आलेली असते. झाडीत किंवा कड्याखाली ती सहज दहा मीटर इकडेतिकडे होते आणि फट कुठे हे तीही सांगत नाही. चांगलं गाइडबुक नेमकं तेवढंच सांगतं: फट ओलांडून शेताच्या दूरच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरके जा, भिंत उजव्या हाताला ठेवा, तिसऱ्या शेतात विजेच्या खांबाच्या डावीकडून. हे लिहायला माणूस तिथून चाललेला असावा लागतो. लाइमस्टोन वे ही लांब पल्ल्याची पायवाट, आणि मोनीॲश, यूलग्रेव्ह, विन्स्टर ही गावं, या पट्ट्यात मला आता नकाशापेक्षा पुस्तकाची ओळ आधी लागते.

पण पुस्तक दुकानात उभं राहून तपासा. पहिली गोष्ट, सूचनांमध्ये ग्रिड रेफरन्स (नकाशाच्या चौकोनांवरून ठिकाण सांगणारे आकडे) आहेत का. नुसतं ‘झाडापाशी वळा’ असेल तर ठेवून द्या, झाड पडतं. दुसरी, नकाशाचा तुकडा किती रुंद छापलाय. वाटेच्या दोन्ही बाजूंना किलोमीटरभर तरी हवा. नुसती पट्टी असेल तर वाट सोडावी लागल्यावर पुस्तक मुकं होतं. तिसरी, चढाईची बेरीज दिलीय का. फक्त ‘१४ किमी, सोपी’ असं लिहिलेलं मला फसवणूकच वाटते. चालायला लागणाऱ्या वेळेचा नेस्मिथचा १८९२चा हिशोब घ्या: ताशी ५ किमी, अधिक दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. १४ किमी आणि ५०० मीटर चढ म्हणजे ३ तास ३८ मिनिटं, तेही न थांबता. त्यात फटींचा वेळ धरलेलाच नाही. पाच-सहा जणांचा गट असेल तर प्रत्येक फटीपाशी एखादं मिनिट जातं. अशा तीस फटी आल्या की अर्धा तास गेला. मोठी सॅक आणि बाजूला बाटली असेल तर ती अडकते, आणि मोठ्या कुत्र्याला उचलून पलीकडे द्यावं लागतं.

जुनी पुस्तकं स्वस्त म्हणून उचलायची असतील तर दोन गोष्टी आधी पाहा. मॉन्सल ट्रेल या जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेवरचे बोगदे २०११ मध्ये खुले झाले. त्याआधीचं पुस्तक तुम्हाला बोगद्यांना वळसा घालत चढउतार करायला लावेल. आणि होकायंत्राची दुरुस्ती. १९९०च्या आसपास इथे चुंबकीय उत्तर ग्रिडच्या (नकाशावरच्या उभ्या रेषांच्या) उत्तरेपेक्षा सुमारे ५ अंश पश्चिमेला होती, आता हा फरक जवळपास शून्यावर आलाय. जुन्या पुस्तकाचं ऐकून ५ अंश मिळवलेत तर किलोमीटरमागे ८७ मीटर भरकटाल. व्हाइट पीकमध्ये भिंती सावरून घेतात, डार्क पीकमधल्या किंडर स्काउटच्या पठारावर सावरणारं काही नाही.

किंडर स्काउट (६३६ मीटर), ब्लीकलो (६३३) आणि ब्लॅक हिल (५८२) या पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ, ओल्या थराच्या) पठारांवर पारडं उलटं फिरतं. भिंती संपल्या की पुस्तक जवळजवळ निकामी. पीटमधल्या ओघळी दोन-तीन मीटर खोल असतात आणि समोच्च रेषांमधलं अंतर ५ असो वा १० मीटर, त्या दोन रेषांच्या मधे गडप होतात. सरळ बेअरिंगवर चाललात तरी प्रत्येक ओघळीत उतरताना दिशा ढळते, म्हणून लांबची नव्हे तर शंभर-दीडशे मीटरवरची खूण धरायची. पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेची जुनी अधिकृत वाट ग्राइंड्सब्रुकमधून चढून पठार आडवं कापत किंडर डाउनफॉलला जायची. आता मुख्य वाट अपर बूथ आणि जेकब्ज लॅडरवरून जाते. जुनं पुस्तक तुम्हाला पहिलीकडे पाठवेल, धुक्यात जाऊ नका.

इथे हार्वीने सुखद धक्का दिला. १५ मीटरच्या समोच्च रेषा आणि उंचीनुसार रंग, त्यामुळे डोंगराचा आकार पटकन कळतो. प्लास्टिकवर छापलेला असल्यामुळे पाऊस लागला तरी चिंता नाही, आणि खिशात मावतो. पण १:४०,००० वर भिंतींच्या शेतातून वाट काढायला तो घेऊ नका.

ओएल १ वापरताना दोन गोष्टी. एक, शीटवर एसके आणि एसई असे दोन शंभर किलोमीटरचे चौकोन येतात. क्राउडन गाव एसकेमध्ये, ब्लॅक हिल एसईमध्ये. कुणाला ठिकाण कळवताना अक्षरं गाळलीत तर तेच सहा आकडे शंभर किलोमीटर दूरही लागू पडतात. माम टॉर डोंगर हवा असेल तर एसके १२७ ८३६, पूर्ण. दोन, केशरी किनारीचा पिवळसर भाग म्हणजे २००० च्या कायद्याने मोकळी केलेली जमीन, वाट सोडून चालायला परवानगी. पण ती वर्षभर सलग मोकळी असेलच असं नाही. मालक वर्षाला २८ दिवसांपर्यंत बंद ठेवू शकतो, आगीच्या धोक्यामुळेही बंदी येते, आणि १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा २ मीटरच्या पट्ट्यावरच हवा. छापील नकाशा यातलं काहीच सांगत नाही. निघण्याआधी नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर बघावं लागतं.

कागद की लॅमिनेटेड? दोन्ही शीट्स दुहेरी छापाई. कागदावर घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आधी भोक पडतं, आणि मागे चिकटपट्टी लावावी तर मागचा नकाशा झाकला जातो. पारदर्शक पट्टी भोक पडण्याआधीच, एवढ्याशा चौकोनात लावा. लॅमिनेटेड टिकतो, पण घड्यांवर पांढरा पडत जातो, उलटी घडी घालू देत नाही आणि वाऱ्यात बाजू पालटताना जहाजाच्या शिडासारखा फडफडतो. जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत. कागदी शीट, ए४ पाकीट, आणि लागणारा भाग बाहेर येईल अशी उलटी घडी, एवढं पुरतं.

ऑनलाइन मागवताना सांभाळा. नव्या शीटच्या आत चांदीची पट्टी असते, ती खरवडून मिळणारा कोड एकदाच चालतो आणि तोच नकाशा फोनवर येतो. एका विक्रेत्याकडून ‘नवा’ म्हणून आलेल्या शीटची पट्टी आधीच खरवडलेली निघाली, वर परतीचं टपाल आमच्याच माथी. पाकीट फोडण्याआधी फोटो काढा. सेकंडहँड नकाशाची किंमत ठरवताना तो कोड शून्य धरा.

काउंटीचा पूर्व आणि दक्षिण भाग या दोन शीटांत नाहीच. चेस्टरफील्डसाठी एक्सप्लोरर २६९, डर्बीसाठी २५९. तिकडची गाइडबुकं कमी आणि बहुतेक पार्किंगपासून सुरू होणारी. गाडी नसेल तर होप व्हॅली लाइनवरच्या ईडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज या स्थानकांवरून निघणारे मार्ग ओएल १ वर स्वतःच आखलेले बरे. आणि फट बुजवलेली किंवा तारेने बांधलेली दिसली तर आठ आकडी ग्रिड रेफरन्स आणि फोटोसह काउंटी कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे (पायवाटांचे हक्क) विभागाला कळवा. सहा आकडी देऊ नका. शंभर मीटरच्या चौकोनात तशा चार भिंती असतात.