मॅक ॲड्रेस 'रजिस्टर' करायला 7,380 रुपये घालवले

आधी आकडा सांगतो, म्हणजे हसायचं ते एकदाच हसून घ्या. 7,380 रुपये. व्हिजिटचे 300, मग 1,180, मग 2,360, मग 3,540. आणि काम काय, तर राउटरच्या सेटिंगमधे बारा अक्षरं टाइप करायची, म्हणजे मॅक ॲड्रेस, राउटरचा ओळख-नंबर, खालच्या लेबलवर छापलेला असतो तो. आता मला ते झोपेतून उठवलं तरी येतं.

जूनमधे वीज कडाडली आणि जुना राउटर जळाला. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन नवीन आणला, वायर लावली, वायफाय दिसतोय पण नेट नाही. बायकोचं वर्क फ्रॉम होम, दुपारी तिचा क्लायंट कॉल, नेट कंपनीकडे तक्रार टाकली, पण त्यांच्या नंबरवर नुसतं म्यूझिक. अशा वेळी माणूस काय करणार हो? आमच्या धायरीच्या सोसायटीत मीटर बॉक्सवर स्टिकर होतं, "इंटरनेट प्रॉब्लेम, घरपोच सेवा". लावला फोन. वीस मिनिटांत भर पावसात एक माणूस हजर. आईने चहा केला त्याला, आलं घालून.

तो म्हणाला, काका, तुमचा मॅक ॲड्रेस कंपनीच्या सर्व्हरवर ब्लॉक झालाय, नवीन रजिस्टर करावा लागेल, हजार अधिक जीएसटी, 1,180. वर हे पण, की चायनावाले हॅकर मॅक ॲड्रेस बघून घरात शिरतात. (मॅक ॲड्रेस तुमच्या राउटरकडून कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंत जातो, त्याच्या पुढे जातच नाही. हे मला सप्टेंबरमधे कळलं.)

आता जे डोळ्यासमोरून जात नाही ते. त्याने लॅपटॉपवर 192.168.0.1, म्हणजे राउटरच्या सेटिंगचं पान, उघडलं, ॲडमिन-ॲडमिन टाकलं, 'मॅक क्लोन' असं काहीतरी आलं, आणि मग त्याने माझा जळका राउटर मागितला, उलटा केला, आणि खालच्या लेबलवरचा नंबर बघून बघून टाइप केला. अहो, जुना ब्लॉक झालाय म्हणून नवीन रजिस्टर करायचाय ना? मग जुन्याचाच नंबर कशाला वाचतोस? मी शेजारी उभा होतो! टॉर्च मी धरला होता त्याला, लेबल नीट दिसावं म्हणून!! कंपनीने फक्त जुन्या राउटरचा नंबर ओळखीचा धरलेला असतो, नवीन राउटरला तोच नंबर सांगायला लावला की नेट चालू, बास. कुठलं रजिस्ट्रेशन नाही न् काही नाही.

पण नेट चालू झालं ना, मग शंका कुठली येतेय. आणि ऐका, मी अकाउंट्समधे आहे, रोज जीएसटीची बिलं तपासतो, नंबराचं एक अक्षर चुकलं तरी बिल परत पाठवतो, आणि ह्याच्याकडून वहीच्या कागदावरची चिठ्ठी घेऊन गप्प बसलो. बायकोने तेव्हा विचारलं होतं बिल कुठाय म्हणून. मी म्हटलं तू कॉलवर बस.

जाताना "पुढे प्रॉब्लेम आला तर घरबसल्या बघतो" म्हणून लॅपटॉपमधे रिमोटचं ॲप टाकून गेला, म्हणजे त्याला आमचा लॅपटॉप दुरून चालवता येणार. खरी मेख तिथे होती. महिन्याने नेट बंद. "तात्पुरतं रजिस्ट्रेशन संपलं, आता सहा महिन्यांचं करू", 2,360. गणपतीत पुन्हा बंद. "आता कायमचं करून टाकू काका, आधी पाठवा म्हणजे लगेच निघतो", 3,540. पाठवले. वीस मिनिटांनी, तो यायच्या आत, कराडहून आलेला माझा भाचा उठला, जळका राउटर उलटा केला, नव्याचं सेटिंग उघडलं आणि म्हणाला, मामा, लेबलवर शेवटी 7बी आहे, इथे 78 कुणी टाकलंय? बी आणि आठ! रिमोटवरून एक अक्षर बदलायचं, ते पण असं की कुणी पकडलंच तर टायपिंगची चूक म्हणता येईल. भाच्याने बी टाकला, नेट चालू. माझ्याकडे बघवेना त्याला.

मग सुरू झाली वरात. चौकीत गेलो तर हे सायबरचं, तिकडे जा. तिकडे गेलो तर माणूस घरी आला होता ना, मग हे चौकीचं. परत चौकी, साहेब बंदोबस्ताला, विसर्जनानंतर या. विसर्जनानंतर गेलो तर "मॅक म्हणजे ॲपलचा लॅपटॉप का? चोरीला गेला?" मी राउटरच घेऊन गेलो होतो पिशवीत, टेबलावर उलटा करून दाखवला, ते म्हणाले तुम्ही स्वतः पैसे पाठवले, नेट पण चालू झालं, मग फसवणूक कसली. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. आणि नेट कंपनी! चाळीस मिनिटांनी बाईंनी फोन उचलला, "सर, मॅक रीसेट आम्ही फ्री करून देतो, तुम्ही आम्हाला कॉल का नाही केला?" का नाही केला!! तेव्हाच्या माझ्या तक्रारीवर यांनी 'सोडवली' असा मेसेज पाठवून ठेवलाय, तो अजून मोबाईलमधे आहे.

पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी चार दिवस लाजेत घालवले. राउटरखालच्या लेबलचा आजच फोटो काढून ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड बदला. रिमोटचं ॲप असेल तर आत्ता काढा, वाचताय तिथेच थांबून काढा. नंबरात ओ अक्षर नसतं, तो शून्य, आणि ए ते एफच्या पुढचं अक्षर दिसलं तर कुणीतरी चुकलंय. जुना राउटर दुरुस्त करून त्याच लाइनवरच्या शेजाऱ्याला देऊ नका, एकाच नंबरचे दोन झाले की दोघांचं नेट लटकतं.

आमच्या पार्किंगमधलं स्टिकर मी चाकूने खरवडून काढलं. बी विंगमधे अजून आहे, वॉचमन म्हणतो सेक्रेटरींना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.